पोरीला पाठवू का?

मी रत्नागिरीत ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि दिवाळी अंकांत अधूनमधून विज्ञानकथा लिहिते. एवढ्या भांडवलावर पालकांनी मला एका विषयातली जाणकार ठरवून टाकलंय. कुणाच्या मुलीला मुंबईत कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-सिनेमांतल्या पात्रांचे वेश करून चाहते जमतात त्या जत्रेला, जायचं असतं, कुणाच्या मुलीचं नाव पुण्यातल्या विज्ञानकथेच्या कार्यशाळेसाठी निघालेलं असतं. आईवडील पालकसभा संपेपर्यंत थांबतात, मार्कांचं बोलून घेतात आणि मग हळूच मूळ मुद्द्यावर येतात. "मॅडम, पाठवू का?" यंदा जयगडकडच्या एका आईने त्यात भर घातली, "तिकडं समदी तोंडावर मुखवटं लावून फिरतात म्हणं. कोण कुठला, वळखायचा कसा?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पाठवा. आणि मुखवट्यांची काळजी सोडा.

मुखवट्यांचं भय कोकणातल्या माणसाने बाळगावं याचंच मला नवल वाटतं. शिमग्यात काळ्या कपड्यांतला संकासुर घुंगरं वाजवत दारात येतो तेव्हा आपण पोरांना आत घेत नाही, उलट पुढे ढकलतो. बरोबर साडी नेसलेला बाप्या गोमू होऊन नाचत असतो, त्याला आपण ओवाळणी घालतो. सोंग घेणं आपल्याला नवं नाही, मुलीने सोंग घेणं नवं आहे. जयगडच्या त्या आईच्या मुलीने कॉमिक कॉनच्या वेशासाठी केलेलं चिलखत मी नंतर पाहिलं. वडील गणपतीत मखरं करतात. थर्माकोलवर बंदी आल्यापासून त्यांनी पुठ्ठा आणि फोमचं काम हातात बसवलंय. पडवीत मखराच्या उरलेल्या फोमशीटचे तुकडे मांडून बापलेक बसली होती. हेअर ड्रायरने शीट गरम करायची, गुडघ्यावर दाबून बाक द्यायचा, ग्लू गनने सांधायची, वर सोनेरी रंगाचा हात. खांद्याचा भाग तीनदा फसला होता, कारण हात वर केला की सांधा उकलायचा. शेवटी वडिलांनी आतून रिक्षाच्या हुडाचं रेक्झिन लावलं. आई दारात उभी राहून बडबडत होती, पण पाठीची मापं तिनेच घेतली होती.

तर मुखवटा घातलेल्यांकडून मला आजवर काही त्रास झालेला नाही. झाला तो उघड्या चेहऱ्याच्या, शाल-श्रीफळ स्वीकारून नुकत्याच खाली बसलेल्या माणसाकडून. बरीच वर्षं झाली. एका शहरातल्या कथावाचनाला मला बोलावलं होतं, आठ पुरुष आणि मी. माझी कथा गुरुत्वलहरींवर होती. वाचून झाल्यावर अध्यक्षांनी पाठीवर हात ठेवून कौतुक केलं आणि हात काढलाच नाही. मी खुर्ची सरकवली, तेही सरकले. जेवणाच्या वेळी "कुठल्या लॉजवर उतरलात, खोली कितवी" अशी चौकशी झाली. संयोजकांना सांगितलं तर ते हसून म्हणाले, "अहो, सरांचा स्वभावच मोकळा आहे. मनावर घेऊ नका." मुक्काम रद्द करून मी रात्रीची गाडी धरली. पुढच्या वर्षी तेच संयोजक एका लेखात विचारत होते की मराठी विज्ञानकथेत स्त्रिया का टिकत नाहीत.

हा मोकळा स्वभाव फार जुना आहे आणि त्याला मोठमोठ्यांचा आधार आहे. मुलगी विज्ञानकथा वाचते म्हटलं की मुलं तिची तोंडी परीक्षा घेतात. आमच्या वर्गातल्या एकीला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "रोबोटचे तीन नियम सांग बघू." १९४२ साली आयझॅक असिमोव या अमेरिकी विज्ञानकथाकारांनी ते कथेत मांडले. पहिला नियम असा की यंत्रमानव माणसाला इजा करणार नाही. हेच असिमोव संमेलनांत दिसेल त्या बाईला चिमटे काढण्यासाठी प्रसिद्ध होते. प्रसिद्ध म्हणजे किती, तर १९६२ सालच्या शिकागोच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाच्या संयोजकांनी त्यांना बायकांच्या पार्श्वभागाला चिमटे काढण्याच्या कलेवर एक गमतीचं भाषण द्याल का, असं लेखी विचारलं होतं. म्हणजे गोष्ट लपून नव्हती, तिच्यावर कार्यक्रम बसवायचं चाललं होतं. ज्यांना चिमटे बसले त्यांनी काय करायचं, तर हलकं घ्यायचं. मी असिमोव अजूनही वाचते आणि वर्गात शिकवतेही. पण त्या मुलीला सांगून ठेवलंय की परीक्षा घेणाऱ्याला तिन्ही नियम म्हणून दाखव आणि मग शिकागोच्या पत्राबद्दल त्याला काय माहीत आहे ते विचार.

दुसरा धक्का जरा वेगळ्या जातीचा. जेम्स टिपट्री ज्युनिअर या नावाने लिहिणाऱ्या लेखकाबद्दल सत्तरच्या दशकात कुजबुज होती की ही बाई असावी. रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नामवंत लेखकाने १९७५ साली टिपट्रीच्या संग्रहाला प्रस्तावना लिहिताना ती शक्यता हास्यास्पद ठरवली. कारण काय, तर त्या लेखनात त्याला पुरुषीपणा जाणवत होता. दोनेक वर्षांतच कळलं की टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन, महायुद्धात लष्करात काम केलेली, मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली, साठी ओलांडलेली बाई. आपल्याकडे जयंत नारळीकरांनीही टोपणनाव घेतलं होतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. प्रसिद्ध नावाचं वजन पारड्यात पडू नये म्हणून केलेला तो सचोटीचा प्रकार. नावाला वजनच मिळणार नाही म्हणून टोपणनाव घ्यावं लागणं ही मात्र वेगळी गोष्ट.

आता सगळं बदललं असं म्हणणारे नोरा जेमिसिनचं उदाहरण देतात. ही कृष्णवर्णीय लेखिका, २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षं कादंबरीचं ह्युगो, म्हणजे वाचकांच्या मतांवर दिलं जाणारं विज्ञानकथेतलं मानाचं पारितोषिक, तिला मिळालं, आणि असं आधी कुणालाच जमलं नव्हतं. खरं आहे. पण आदल्याच वर्षी, २०१५ मध्ये, बायका आणि गोरे नसलेले लोक फार पुढे येताहेत म्हणून चिडलेल्या गटांनी ठरवून मतं टाकून नामांकनांच्या याद्या भरल्या होत्या, आणि बाकीच्या वाचकांनी पाच विभागांत "कुणालाच नको" असं मत देऊन त्या उधळल्या होत्या, हेही त्याच श्वासात सांगायला हवं.

तर पाठवताना काय बघायचं? आयोजकांची नियमावली लेखी आहे का, त्यात त्रास झाल्यास सांगायला माणसाचं नाव आणि फोन नंबर आहे का. "काही लागलं तर आम्ही आहोतच" हे वाक्य नियमावलीत धरू नका. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये २०१४ पासून पाट्या लावतात की वेश केला म्हणजे संमती दिली असं नव्हे. फोटो काढायचा तर आधी विचारा, हात लावू नका. तशी पाटी दिसली तर बरं लक्षण समजायचं.

नियम कागदावर असूनही भागत नाही, हे अमेरिकेत बोस्टनजवळ भरणाऱ्या रीडरकॉन या विज्ञानकथा संमेलनाने दाखवून दिलंय. तिथे छळ करणाऱ्याला कायमचं बाहेर काढायचं असा नियम होता. २०१२ साली तक्रार आली, खरी ठरली, पण माणूस या वर्तुळातला जुना, ओळखीचा. कार्यकारिणीने त्याला दोनच वर्षं बंदी घातली. त्यावर इतका गदारोळ झाला की अख्ख्या कार्यकारिणीला माफी मागून राजीनामा द्यावा लागला आणि बंदी कायमची झाली. म्हणून मी आयोजकांना फोन करून एवढंच विचारते की आजवर कुणाला काढलंत का. नाव नको, हो की नाही सांगा. समोरचा घुटमळला की मला कळतं.

कायद्याचंही एक सांगते, कारण "हे काय ऑफिस आहे का" असं ऐकवणारे भेटतात. २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा कामाच्या जागेपुरता आहे, कबूल. पण भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ जागा बघत नाही. नको असताना अंगचटीला येणं, शरीरसुखाची मागणी करणं, यांना तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अश्लील शेरेबाजीला एक वर्षापर्यंत. मुलीला कलमाचा हा आकडा पाठ असू द्या. शेरे मारणाऱ्याला तो शांतपणे ऐकवला तर पुष्कळदा तेवढ्यावरच काम होतं.

आणि मुंबईकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ नये. आमचा इथला वाचनगट महिन्यातून एकदा भेटतो. गटातल्या एका निवृत्त गृहस्थांनी बारावीच्या मुलीला, तिने व्हॉट्सअ‍ॅपवर एका कथेबद्दल चांगलं चार ओळींचं टिपण टाकल्यावर, रात्री साडेअकराला खासगीत लिहिलं, "डीपी गोड आहे. एवढी हुशार मुलगी एकटी कशी?" मुलीने स्क्रीनशॉट मला पाठवला. आम्ही त्यांना येऊ नका म्हणून कळवलं. एवढ्याशा गोष्टीसाठी असं म्हणत त्यांच्याबरोबर आणखी दोघं गेले. त्यांतल्या एकाकडे गटाचा प्रोजेक्टर होता, तो अजून परत मिळालेला नाही. मुलगी येते. गेल्या महिन्यात तिने कृष्णविवरात पडणाऱ्या घड्याळावरून माझीच चूक काढून दाखवली.

जयगडच्या आईला मी हेच सगळं थोडक्यात सांगितलं. जायचं तर एकटीने नाही, दोघीतिघींनी मिळून, आणि परतीचं आरक्षण आधी करून. चिलखत गाडीच्या गर्दीत मोडेल म्हणून वडील सोबत जायचं म्हणतात, तर जाऊ द्या, खांदा उकलला तर ग्लू गन चालवायला कुणीतरी लागेलच. माझी स्वतःची अट एकच: प्रॅक्टिकलचं जर्नल पूर्ण करून, सही घेऊन मग गाडीत बसायचं. तिचे प्रिझमचे दोन प्रयोग अजून बाकी आहेत.