खानापूर ते जैसलमेर: मोजून वापरलेल्या पाण्यावर

आमच्या खानापूर तालुक्यात पावसाळ्यात पाण्याचं कौतुक कुणाला नसतं. मलप्रभा इथल्याच कणकुंबीला उगम पावते. जैसलमेरला मात्र वर्षभरात सरासरी जेमतेम दोनशे मिलिमीटरच पाऊस पडतो. तिथपर्यंत आम्ही मोटारहोमनं, म्हणजे आतच राहायची सोय असलेल्या गाडीनं, जाऊन आलो: मी, बायको, मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली आई. वाटेत गाडी चालवण्यापेक्षा पाण्याचा हिशेब ठेवण्यातच माझं जास्त लक्ष गेलं.

गाडी पुण्याहून भाड्यानं घेतली. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असल्यामुळे माझं नेहमीचं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन चाललं. आरसी, विमा, पीयूसी आणि इतर राज्यांत जायचं परमिट ही कागदपत्रं मी हातात घेऊन वाचली. गाडी ताब्यात घेताना मालकाकडून प्रत्येक पंप, बटण आणि झडप समोर चालवून दाखवून घ्यावी. आम्ही अर्धी सकाळ त्यातच घालवली. गाडीची छतासकट उंचीही विचारून स्टिअरिंगजवळ लिहून चिकटवली. पेट्रोल पंपाचं छप्पर आणि गावातल्या लोंबत्या तारा दिसल्या की त्या आकड्याकडे नजर जायचीच.

अहमदाबादपर्यंतचा हायवे सरळ. पुढे पालनपूर, थराद, सांचोर आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग ६८ धरून बाडमेर, जैसलमेर. बाडमेरनंतर रस्त्यावर वाऱ्यानं वाळूचे पट्टे येतात. तिथं वेग आधीच कमी करायचा, वाळूत शिरल्यावर ब्रेक दाबायचा नाही आणि जड गाडीचं चाक डांबराखाली उतरवायचं नाही. अंधार पडला की थांबायचं, कारण उंट आणि मेंढ्या रस्त्यावरच बसलेल्या असतात.

आता पाणी. आमची टाकी १२० लिटरची, माणसं चार. नळ सोडून हात धुतले तरी पंप बघता बघता लिटरभर पाणी ओततो. म्हणून शॉवर पहिल्याच दिवशी बंद केला आणि बादली-तांब्या काढला. ताटं आधी कागदानं पुसायची, मग थोडक्या पाण्यात धुवायची. प्यायला वीस लिटरचे जार वेगळे. ही शिस्त लावली आईनं. तिच्या माहेरी आषाढात अंगणातून ओढा वाहायचा आणि वैशाखात विहिरीचा तळ दिसायचा, त्यामुळे घागरीचा हिशेब तिच्या हातात बसलेला. मुलगा दात घासताना नळ चालू ठेवायचा. आजीनं त्याला एक पेला दिला आणि त्यातच सगळं उरकायला लावलं.

सांडपाणी हा त्याहून नाजूक विषय. वाटेत आम्हाला मोटारहोमसाठी ते रिकामं करायची सोय कुठंच दिसली नाही. संडासाची वीस लिटरची पेटी भरत आली की ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर विचारून तिथल्या शौचालयात ओतायची, ते धुऊन द्यायचं आणि वर पैसे द्यायचे. काही जण रात्री वाळूत झडप उघडून मोकळे होतात. हे मला अजिबात पटत नाही, आणि त्याचं कारण बाडमेरच्या पुढे एका ढाणीवर (वाळवंटातल्या छोट्या वस्तीवर) डोळ्यांनी पाहिलं.

मुक्कामाला गाडी लावू का म्हणून तिथल्या म्हाताऱ्याबाबांना विचारलं. त्यांनी काठीनं एक मोठा, झाडून ठेवल्यासारखा मातीचा उतार दाखवला आणि म्हणाले, यावर चाक नको, चप्पलही नको. तो त्यांच्या टांक्याचा आगोर होता. टांका म्हणजे जमिनीखालची झाकणबंद टाकी. पावसाचं पाणी आगोरावरून वाहत येऊन तिच्यात साठतं आणि तेच घर पुढे महिनोन्‌महिने पितं. त्या उतारावर काही सांडलं तर ते थेट पिण्याच्या पाण्यात. आम्ही गाडी खूप लांब, खालच्या अंगाला लावली. आई झाकणातून आत बराच वेळ बघत राहिली, मग बेळगावहून आणलेला कुंदा काढून तिनं घरातल्या बायकांना दिला. त्यांच्याकडून ताक आलं. टांक्याचं पाणी आम्ही मागितलं नाही. ते मागू नये असं मला मनापासून वाटतं.

टाकी आम्ही गावात पैसे देऊन भरून घ्यायचो. जैसलमेरच्या पुढे रामगढकडे इंदिरा गांधी कालवा भेटतो. सतलज आणि बियास मिळतात त्या पंजाबातल्या हरिकेहून हे पाणी एवढं लांब येतं. आईनं गाडी थांबवायला लावली आणि काठावरून हात जोडले.

डिसेंबरमध्ये दिवसा ऊन बरं, पण रात्री हाडं गोठतात. तरी एक खिडकी बोटभर उघडी हवी, नाहीतर चार माणसांच्या श्वासानं काचा आणि पांघरुणं ओली होतात. सौर पॅनेलवर दिवे, पंखा आणि पंप आरामात चालले.

आपल्याकडून कुणी जाणार असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच धरा. घरची वयस्क माणसं सोबत असतील तर बेळगावावरून जाणारी जोधपूरची रेल्वे बघा आणि तिकडेच गाडी मिळते का, याची आधी चौकशी करा. हायवेवर जाणारे ते दिवस रामगढच्या पुढे, तनोटपर्यंत सावकाश घालवता येतील. पुढच्या हिवाळ्यात आम्ही तसंच करणार आहोत.