मागच्या खोलीखालचा आड

2023 च्या मे महिन्यात नारायण पेठेतील एका जुन्या घराची पाहणी करण्यासाठी मला बोलावणे आले. मी स्थापत्य अभियंता असून गेली बावीस वर्षे पुण्यातील जुन्या इमारतींच्या तपासणीचे काम करते, त्यामुळे घर पहिल्या दृष्टीत ओळखीचे वाटले. ते नव्वदएक वर्षांपूर्वीचे दुमजली घर होते. भिंती चुन्यातील वीटकामाच्या, तुळया सागवानी आणि वर मंगलोरी कौले. मागच्या अंगाला एक खोली होती, आणि ती नंतर जोडलेली आहे हे जोत्याच्या उंचीतील फरकावरूनच कळत होते. मालक तिघे होते: कोल्हापूरला दिलेली पंचाहत्तर वर्षांची आत्या आणि तिच्या दोन दिवंगत भावांचे मुलगे, त्यांपैकी एक पुण्यात आणि दुसरा नाशिकला. घर दुरुस्त करून विकण्याइतका पैसा आणि वेळ कोणाजवळच नव्हता. म्हणून ‘मिळकत जशी आहे तशी, जेथे आहे तेथे’ या अटीवर विकावी असे त्यांनी ठरवले होते.

हा निर्णय मला योग्यच वाटला, आणि तसे मी त्यांना सांगितलेही. कौले उतरवून वासे व रिपा बदलणे, लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग काढून नवी घालणे आणि मैलापाण्याच्या चिनी मातीच्या फुटक्या नळ्या बदलणे एवढ्यालाच माझ्या अंदाजाने चौदा लाखांच्या आसपास खर्च आला असता. घेणारा स्वतःच्या गरजेप्रमाणे भिंती हलवणार आणि नळ फिरवणार असेल, तर विकणाऱ्याने घातलेल्या त्या पैशांतील फार थोडा भाग किमतीत परत येतो. विक्रीपूर्वीच्या रंगरंगोटीला तर माझा ठाम विरोध असतो. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की आतली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही, ती भिंतीतून आणखी वर चढते आणि वर्षभरात गिलाव्याचे पोपडे सुटतात. शिवाय पुट्टीखाली भेगा झाकल्या गेल्या की माझ्यासारखीला भिंत वाचताच येत नाही.

घेणारे जोडपे पुस्तकबांधणीचा व्यवसाय करणारे होते. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातील प्रकाशकांचे काम त्यांच्याकडे असे. भाड्याच्या जागेतून निघून खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड अशी सोय त्यांना हवी होती, आणि घर पाडण्याचा विचार त्यांच्या मनातही नव्हता. त्यांच्या बँकेला इमारतीच्या मजबुतीचा अहवाल हवा होता. तो अहवाल मला लिहायचा होता, आणि माझी फी विकणारे देणार होते.

पाहणीच्या दिवशी सकाळी सगळेच हजर होते. आत्या आदल्या रात्री कोल्हापूरहून आल्या होत्या आणि ओसरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. तुळयांची भिंतीत शिरणारी टोके मी एकेक करून पाहिली, कारण जुन्या घरात लाकूड कुजते ते बहुधा तिथूनच. दोन ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर बोटभर आत गेला. जिन्याखाली वाळवीची वाट सापडली. कौलांच्या पन्हळीजवळ गळतीचे जुने डाग होते. यांतील काहीच अनपेक्षित नव्हते आणि सगळे नोंदवता येण्यासारखे होते. पुतण्यांनीही कशालाच हरकत घेतली नाही.

मागच्या खोलीत मात्र मी थबकले. बाकी घरभर जुनी शहाबादी फरशी असताना तिथे नवी कोरी व्हिट्रिफाइड फरशी होती, आणि सांध्यांतील पांढरे सिमेंट अजून मळलेही नव्हते. घरातून त्या खोलीत जाणाऱ्या दाराच्या वर वीटकामाच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली एक भेग होती. ती वर रुंद आणि खाली निमुळती होती, याचा अर्थ भिंतीचे मागचे टोक खाली बसत होते. हातोडीच्या दांड्याने फरशी ठोकत गेले, तर कडेला भरीव आणि मध्यावर पोकळ आवाज येत होता. जिथे आवाज बदलत होता तिथे मी खडूने खुणा करत गेले, आणि त्या जोडल्यावर सात-आठ फूट व्यासाचे जवळजवळ पुरे वर्तुळ तयार झाले. त्याची एक कड मागच्या भिंतीखाली शिरत होती.

“फरशी कधी बदलली?” असे मी पुण्यातील पुतण्याला विचारले. ते म्हणाले, “मॅडम, फेब्रुवारीत. दर पावसाळ्यात मधली फरशी थोडी खचायची, घर दाखवताना बरे दिसत नव्हते.” त्यांचा स्वर लपवाछपवी करणाऱ्या माणसाचा नव्हता. आपण घर नीटनेटके केले असेच त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते.

एवढ्यात आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. खडूचे वर्तुळ त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “इथे आमचा आड होता.”

पुढे त्यांनी जे सांगितले ते मी त्याच दिवशी वहीत उतरवून घेतले. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले, तेव्हा आत्या तेरा वर्षांच्या होत्या. पाणी चढू लागल्यावर घरातील सगळे वरच्या मजल्यावर गेले आणि जिन्याच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत आलेले पाणी त्यांनी तिथून पाहिले. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल राहिला आणि परसातला आड गाळाने भरून गेला. खडकवासला रिकामे झाल्यामुळे शहरात पाण्याची टंचाई होती, आणि स्वतःच्या घरात आड असूनही त्यांची आई हंडा घेऊन दुसऱ्यांच्या दारी जात होती. आड उपसायला माणसे मिळेनात, तेव्हा वडिलांनी पडलेल्या भिंतींचा राडारोडा त्यात लोटला, वरून मुरूम टाकला आणि दोन-तीन वर्षांनी त्यावर ही खोली बांधली. “आईला ते आवडले नव्हते,” आत्या म्हणाल्या. “ती या खोलीत कधी झोपली नाही.”

बांधणीवाले दांपत्य हे ऐकत होते. मी त्यांना विचारले की कटिंग मशीन कुठे ठेवायचे ठरले आहे. “इथेच,” ते म्हणाले. “मागच्या बोळातून कागदाची रिमे थेट आत घेता येतील.” त्या मशीनचे वजन टनाहून अधिक होते, आणि त्याशेजारी कागदाच्या थप्प्या रचल्या जाणार होत्या.

दुपारी पुतण्यांनी मला बाजूला घेतले. त्यांची विनंती अशी होती की अहवालात ‘फरशीखालील भराव सैल असण्याची शक्यता’ एवढेच लिहावे आणि आडाचा उल्लेख टाळावा. खरेदीखतात ‘जशी आहे तशी’ अशी अट आहेच, मग पुढची जबाबदारी घेणाऱ्यांची, असे त्यांचे म्हणणे होते. हा समज मी पुण्यात पुष्कळ घरांत ऐकला आहे आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटते. जे दिसते, साध्या काळजीने पाहणाऱ्याला जे कळू शकते, ते घेणाऱ्याने पत्करले असा त्या अटीचा अर्थ घेता येतो. जे विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला पाहूनही कळणार नाही, ते त्या अटीखाली पुरता येत नाही. मी त्यांना सांगितले की मी असा अहवाल लिहिणार नाही, आणि कायद्याचा भाग त्यांच्याच वकिलांना विचारावा.

वकिलांशी फोनवर बोलणे झाले तेव्हा मी समोरच होते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 प्रमाणे मिळकतीतील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि सामान्य दक्षतेने सापडणारा नाही, तो उघड करणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. असे प्रकटन टाळणे म्हणजे कपट, हेही त्याच कलमाच्या शेवटी स्पष्ट लिहिलेले आहे. नवी फरशी फेब्रुवारीत घातलेली असल्याने उद्या वाद झाला तर ती दोष झाकण्यासाठीच घातली असे समोरचा वकील म्हणेल, असेही त्यांनी बजावले. त्यावर कोणी काही बोलण्याआधीच आत्यांनी तिढा सोडवला. “माझी सही त्या कागदावर लागणार आहे ना? मग आड लिहा, नाही तर सही नाही.”

दुसऱ्या दिवशी चार फरशा काढून कोबा फोडला. कोब्याखाली दीड वीत पोकळी होती. गवंड्याने सहा फुटी गज उभा धरून हाताने दाबला, तेव्हा तो चार फूट सहज आत गेला. आडाचा दगडी कठडा कुदळीला लागला आणि आत्यांचे वर्तुळ पक्के झाले.

उपाय अवघड नव्हता. वरचा सैल भराव काढून दगडगोट्यांचे थर चोपून भरायचे, आणि आडाच्या तोंडापेक्षा चारही बाजूंनी मोठी, न उकरलेल्या घट्ट जमिनीवर टेकेल अशी सळयांची स्लॅब टाकायची. मागच्या भिंतीला पायातून आधार द्यायचा होता, ते काम जास्त नाजूक होते. मी साडेतीन लाखांचा अंदाज दिला. घेणाऱ्यांनी दहा लाख कमी करून मागितले, पुतणे दोनवर अडले होते, आणि संध्याकाळपर्यंत पाच लाखांवर तडजोड झाली. किंमत उतरली म्हणून मुद्रांक शुल्क त्या प्रमाणात उतरेलच असे मात्र नसते, कारण ते करारातील किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरतक्त्याप्रमाणे येणारी, किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर आकारले जाते. बांधणीवाल्यांना मी हे तेव्हाच सांगून ठेवले.

खरेदीखताला आम्ही छायाचित्रांसह परिशिष्ट जोडले. पहिल्या क्रमांकावर आड, त्याचा व्यास, तो बुजवल्याची हकिकत आणि मागच्या भिंतीची भेग, दुसऱ्यावर तुळयांची कुजलेली टोके, तिसऱ्यावर वाळवी, चौथ्यावर पन्हळीजवळची गळती, पाचव्यावर वायरिंग, सहाव्यावर नळ्या. बँकेच्या अभियंत्याने त्यावर मला दोन प्रश्न विचारले आणि कर्ज मंजूर झाले. उपनिबंधक कार्यालयात आत्यांनी परिशिष्टाच्या प्रत्येक पानावर सही करण्यापूर्वी ते पान चष्मा लावून वाचले.

पावसाळा तोंडावर असल्याने स्लॅबचे काम दिवाळीनंतर झाले आणि तोपर्यंत मशीन जुन्याच जागेत राहिले. भेगेवर मी काचेची पट्टी आडवी चिकटवून ठेवली होती. भिंत हलली तर ती तडकते. पुढच्या जुलैत बांधणीवाल्यांचा फोन आला तेव्हा मला आधी तीच आठवली. पट्टी शाबूत होती. पन्हळीजवळ गळती सुरू झाली होती आणि त्यांना कौलांचे काम जाणणारा चांगला माणूस हवा होता. “परिशिष्टातली चौथी,” ते म्हणाले. मी त्यांना एका कारागिराचा पत्ता दिला.