मार्कांच्या शेजारी ठेवलेली डायरी

मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मी अमेरिकेत एका पब्लिक हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे, म्हणजे मुलांचे विषय ठरवण्यापासून कॉलेजचे अर्ज, शिफारसपत्रं, घरातली रडारड सगळं आमच्याच टेबलावर येतं. अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशनचं म्हणणं एका काउन्सेलरमागे २५० मुलं असावीत, माझ्याकडे चारशेच्या वर आहेत. हे आधीच सांगतेय कारण या गोष्टीत माझीही एक चूक आहे. मुलीची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असं जे होतं ते बदललंय.

मुलगी बारावीत. नववीला जीपीए, म्हणजे ४ पैकी धरलेली मार्कांची सरासरी, ३.८, एकदम छान. दहावीच्या पहिल्या सेमिस्टरला २.५, दुसऱ्याला २.१, अकरावीच्या पहिल्याला १.९ आणि मग एकदम ३.१. सगळं मिळून २.८७. कॉलेजवाले आधी हा शेवटचा आकडा बघतात आणि त्यांच्यासमोर हजारो फाइली असतात.

तिला क्रोन्स हा आतड्याचा जुनाट आजार आहे. सूज येते, पोटात कळा, ताप, वजन उतरतं, वाईट दिवसांत दहा-बारा वेळा बाथरूमला पळावं लागतं आणि थकवा असा की जिना चढला तरी बसावंसं वाटतं. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, मुलगी तर नीटच दिसते ना, असंच वाटतं. मध्ये स्टेरॉइड होते तेव्हा चेहरा सुजला, तर एका मैत्रिणीने विचारलं की वजन वाढलं का गं.

ती आणि तिची आई शेवटच्या तासाला आल्या. अर्लीच्या, म्हणजे लवकर भरायच्या, पहिल्या अर्जांची मुदत १ नोव्हेंबर, म्हणजे हातात तीन आठवडे पण नाहीत. आई आधी इंग्रजीत मॅडम मॅडम करत होती, माझं आडनाव दारावर वाचून मराठीत आली आणि म्हणाली, "ताई, एक सांगू का, आजाराचं कुठेही लिहू नका. आमच्याकडे अजून कुणाला माहीत नाही. कॉलेजला कळलं तर घेणारच नाहीत हिला, आणि पुढे उद्या लग्नाचं..." एवढं बोलून ती थांबली. मुलगी खिडकीकडे बघत म्हणाली, "मला पण नाही लिहायचं. बिचारी म्हणून घेतलं असं नकोय मला."

म्हणजे दोघींना एकच हवं होतं, पण कारणं अगदी वेगळी होती.

मी सांगितलं की प्रवेशाच्या आधी कॉलेज तुला अपंगत्व किंवा आजार आहे का असं विचारूच शकत नाही, १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टचं कलम ५०४ आहे त्याच्या नियमांत तसं स्पष्ट आहे. सांगायचं की नाही हे पूर्ण तुझ्यावर. पण नाही सांगितलं तर तो अर्ज वाचणारा माणूस ३.८ चं १.९ कसं झालं याचं कारण स्वतःच ठरवणार, आणि तो चांगलं कारण ठरवेल असं धरून चालू नकोस, अभ्यासातून लक्ष उडालं, नाहीतर काहीतरी भानगड झाली असणार, असंच साधारण वाटतं.

मी आईला विचारलं, कधी काय झालं त्याच्या तारखा आहेत का. मला वाटलं ती हॉस्पिटलच्या पोर्टलवर शोधेल. तिने पर्समधून एक छोटी डायरी काढली, कडा मऊ झालेल्या, मध्ये दोन रबरबँड. आत बारीक मराठी अक्षर. "ताप १०१. शाळा नाही." "रात्री ३ ला उठली, पहाटेपर्यंत पोट." "केमिस्ट्रीची टेस्ट दिली, घरी येऊन झोपली, जेवली नाही." आणि मग सलग कितीतरी पानं, "इन्शुरन्सला फोन. ४० मिनिटं. अजून अप्रूव्हल नाही." दुसऱ्या दिवशी परत तेच. पुढच्या आठवड्यात परत तेच.

मी ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांच्या उताऱ्याची प्रिंट काढली, डायरीच्या शेजारी ठेवली आणि पेन्सिलने महिने लावत गेले. १.९ चं सेमिस्टर म्हणजे बरोबर तेच महिने जेव्हा डॉक्टरांनी इन्फ्लिक्सिमॅब सांगितलं होतं आणि विमा कंपनी मंजुरी देत नव्हती. हे औषध शिरेतून देतात, त्याला इन्फ्युजन म्हणतात, पहिला डोस, मग दोन आठवड्यांनी, मग सहाव्या आठवड्याला, त्यानंतर दर आठ आठवड्यांनी. डायरीत पहिलं इन्फ्युजन जानेवारीच्या शेवटी. ३.१ चं सेमिस्टर तिथूनच सुरू होतं. इतकं सरळ होतं ते. मी दोन वर्षं या मुलीची काउन्सेलर होते आणि हे मला त्या दिवशी दिसलं.

मुलगी ओळीवर बोट ठेवून हळूहळू मराठी वाचत होती, तिला वाचायला वेळ लागतो. मग म्हणाली, "आई, तू हे रोज लिहायचीस?" आई काही बोलली नाही, रबरबँड बोटाला गुंडाळत बसली.

आता माझी चूक. तिचा ५०४ प्लॅन, म्हणजे त्याच कलमाखाली शाळेने द्यायच्या सोयींचा कागद, फाइलमध्ये होता, दहावीत केलेला, जास्त वेळ, कधीही बाथरूमला जायची मुभा, गैरहजेरीत असाइनमेंटला वाढीव मुदत. मी त्यावर सही केली होती. पण मुदत हवी असेल तर दर वेळी शिक्षकांकडे स्वतः जाऊन मागायची असं त्यात लिहिलेलं आणि ती दर वेळी वर्गासमोर मागायला लाजायची, म्हणून मागितलीच नाही, झीरो घेतले. मी एकदा जरी बसवून विचारलं असतं तर ते कलम बदलता आलं असतं. मी तिची माफी मागितली, आईसमोर. ती म्हणाली इट्स ओके. ते ओके नव्हतं.

मग लिहायला बसलो. अर्जात निबंध सोडून परिस्थिती सांगायला वेगळी जागा असते, तिथे. तिने पहिल्यांदा लिहिलं ते पानभर, औषधांची नावं, कळा, रात्री, सगळं. मी म्हटलं हे तुझं आहे, हे ठेव तुझ्याजवळ, इथे दया येईल असं एकही वाक्य नको, तारखा पाहिजेत. शेवटी पाचच वाक्यं राहिली. दहावीत आजार कळला, त्या काळात किती दिवस शाळा बुडली, औषध मिळायला उशीर का झाला, जानेवारीपासून काय बदललं, आणि आत्ता या सेमिस्टरचे मार्क काय आहेत. ते वाचून आईच म्हणाली, "यात लाजण्यासारखं काहीच नाहीये की." बाकीचं, म्हणजे जे मुलगी स्वतःबद्दल लिहू शकत नाही, ते मी माझ्या पत्रात घातलं, की एवढं होऊनही तिने अवघड विषय सोडले नाहीत.

खरी ठिणगी उडाली कॉलेजांच्या यादीवरून. यादीत आठ नावं, सगळी कुणा ना कुणाच्या मुलाला मिळालेली किंवा कुणीतरी सुचवलेली. मी विचारलं, यातल्या कुठल्या कॉलेजपासून इन्फ्युजन सेंटर किती लांब आहे? तुमच्या विम्यात ते बसतं का? वयाच्या २६ पर्यंत ती तुमच्या विम्यावर राहू शकते हे खरं, पण काही प्लॅन स्वतःच्या भागाबाहेर फक्त इमर्जन्सीच भरतात. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि कुणाच्या येईल, सगळे रँकिंगच बोलत असतात.

आईला दुसरा धक्का बसला तो म्हणजे ५०४ प्लॅन शाळेबरोबर संपतो. कॉलेजात सोयी मिळतात, कायदा आहेच, १९९० चा एडीए हा अपंगांच्या हक्कांचा कायदा पण आहे, पण तिथे कुणी आपणहून विचारत येत नाही, मुलीने स्वतः डिसॅबिलिटी ऑफिसला जाऊन कागद द्यायचे आणि मागायचं. शाळेत आईला सगळं कळवतात, कॉलेजात फर्पा या शैक्षणिक रेकॉर्डच्या गोपनीयतेच्या कायद्याने रेकॉर्डवरचा हक्क मुलीचा होतो, आईने फोन केला तर बोलतीलच असं नाही. आई म्हणाली, "म्हणजे मी फोनच करायचा नाही?" इतका वेळ नव्हता तसा आवाज होता तिचा.

म्हणून मी म्हटलं, फोन आत्ता करूया, आणि करणार ही. तिने स्पीकरवर लावला. पहिलं कॉलेज यादीत सगळ्यात वरचं. तिने विचारलं, आजारपणामुळे क्लास बुडाला तर काय? तिकडून उत्तर आलं की ते प्रोफेसरवर अवलंबून असतं, प्रवेश झाल्यावर बघू. दुसरं, घरापासून चाळीस मिनिटांवरचं, नाव फारसं कुणी घेत नाही असं. तिथल्या बाईंनी उलट तिलाच विचारलं, तुझं इन्फ्युजन कुठल्या वारी असतं? मग सांगितलं की सेमिस्टरच्या सुरुवातीलाच हजेरीबद्दल प्रत्येक प्रोफेसरशी लेखी ठरवतो, रूमला जवळ बाथरूम हवं असेल तर हाउसिंगला अर्ज लवकर कर, आणि मध्येच मेडिकल लीव्ह घ्यावी लागली तर फी आणि स्कॉलरशिपचं काय होतं ते आत्ताच वाचून ठेव. मुलीने हे सगळं हातावर लिहून घेतलं, कागद समोर असून. फोन ठेवल्यावर पेन घेतलं आणि पहिल्या नावावर काट मारली. आईने तिचा हात धरला नाही.

कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचं, नाव मी काढलं तेव्हा मात्र आईचा चेहरा पडला. हे मला दर वर्षी दिसतं आणि दर वर्षी राग येतो. तिथे प्रवेशाला सहसा जीपीएची अट नसते, घरचा डॉक्टर सुटत नाही, दोन वर्षं चांगली केली की चार वर्षांच्या कॉलेजला ट्रान्सफर मिळू शकते आणि तोपर्यंत हायस्कूलच्या मार्कांचं वजन बरंच कमी झालेलं असतं. अशा मुलीसाठी तो पहिला विचार असायला पाहिजे, लपवायचा पर्याय नाही. आम्ही तो यादीत घातला, मुलीनेच घातला.

पत्र मी ३१ ऑक्टोबरला रात्री अपलोड केलं. एकूण सात ठिकाणी अर्ज गेले, मार्चपर्यंत तीन होकार आले, त्यात ते चाळीस मिनिटांवरचं होतं. तिने तेच घेतलं. ऑगस्टमध्ये तिने मला तिचं वेळापत्रक पाठवलं. फुल टाइम धरायला लागतात तेवढेच बारा क्रेडिट. इन्फ्युजन सोमवारी असतं, मंगळवारी एकही क्लास ठेवलेला नाही.