उचललेला पाय

बसायची फोर्कलिफ्ट मी उरणच्या कंटेनर यार्डात सहा वर्षं चालवली. तीन टनी डिझेल गाडी. तिथून भिवंडीच्या गोदामात आलो आणि उभ्याने चालवायची रीच ट्रक, म्हणजे उंच रॅकमध्ये माल चढवणारी बॅटरीवरची गाडी, हातात आली. शिफ्टमधल्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरला आम्ही मामा म्हणतो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तिकडचं शिकलेलं गेटवर ठेवून ये."

वाटलं, मामा उगाच भाव खातायत. पण खरंच सगळं उलटं निघालं. बसायची गाडी कलंडायला लागली तर पट्टा लावलेल्या जागी स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहायचं. उडी मारणारा गाडीच्याच छपराखाली सापडतो. मागून उघड्या असलेल्या या गाडीतून मात्र मागच्या मागे पाऊल टाकून बाहेर पडायचं. तिकडे ब्रेक दाबायचा. इथे डाव्या पायाखालचं पेडल दाबून धरलं तर गाडी चालते, पाय उचलला की ब्रेक लागतो.

"आता उचललेला पाय कुठे जातो ते बघ," मामा म्हणायचे. पाठीमागे दार नाही, नुसती उघडी चौकट. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून येतात, मग डावी टाच हळूच चौकटीच्या कडेवर जाते. माझीही जायची. मामा लांबूनच ओरडायचे, "पाय आत!" मी घ्यायचो, आणि पाच मिनिटांत परत तेच.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. खोबरेल तेलाची एक पॅलेट वरच्या खणात दबली होती, त्यातल्या बाटल्या फुटून तेल खाली ठिबकत होतं. सकाळीच मी सांगितलं होतं. हाऊसकीपिंगने काय केलं, तर तेलावर पुठ्ठा अंथरला. दुपारपर्यंत तो पुठ्ठाही तेल पिऊन तयार.

साधारण चारच्या सुमारास मी माल उचलायचे काटे रिकामे घेऊन रॅकमधल्या गल्लीतून मागे येत होतो, म्हणजे माझी बाजू पुढे. फार वेग नव्हता, माणूस भरभर चालतो तेवढा असेल. गल्लीच्या तोंडाशी एक पिकर, म्हणजे ऑर्डरचा माल गोळा करणारा पोरगा, स्कॅनर बघत आडवा आला. हॉर्न दाबला आणि पाय उचलला. ब्रेक लागला, झटक्याने अंग चौकटीकडे फेकलं गेलं, आणि त्याच वेळी चाक पुठ्ठ्यावर चढलं. तीन टनांच्या वरची गाडी, त्यात एकटी बॅटरीच टनाच्या घरातली. ती साबणासारखी घसरत रॅकच्या खांबाकडे गेली. पिकर बाजूला झाला. उचललेला माझा पाय हवेतच होता, आणि तो बाहेर होता.

खांबाला पिवळं लोखंडी संरक्षक असतं. गाडी त्यावर आदळली तेव्हा आवाज फारसा झाला नाही, रबर फाटल्याचा झाला. खाली पाहिलं, तर बुटाची टाच त्या संरक्षक आणि गाडीच्या मधे अडकलेली, आणि पाय माझ्याजवळ. नुसता मोजा. कधी ओढून घेतला ते आजही आठवत नाही. सेफ्टी शूजला पुढे पोलादी टोपी असते, सगळ्यांना तिचंच कौतुक. मागे काहीच नसतं.

मामा आले. ओरडले नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी किल्ली काढून खिशात घातली, मला खोक्यावर बसवलं आणि घोटा दाबून पाहिला. मग स्वतः भुसा आणून तेलावर टाकला.

रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं: "किरकोळ. इजा नाही." तेलाबद्दल, सकाळच्या तक्रारीबद्दल अक्षर नाही. नवे बूट मागायला स्टोअरमध्ये गेलो, तर उत्तर आलं, सहा महिने झाल्याशिवाय मिळणार नाहीत, अजून दोन बाकी आहेत.

मग नाक्यावरच्या मोच्याकडे दिला. त्याने बूट उलटसुलट करून पाहिला, म्हणाला, "एकच टाच अशी कशी गेली?"

मी म्हटलं, "बाहेर राहिली होती."

त्याने ऐंशी रुपये घेतले.