तुम्ही विचारलंत म्हणून: बेसच्या अॅम्पला सुट्या ट्यूबा किती?

निपाणी, संकेश्वर, खानापूरकडची बेस गिटार वाजवणारी पोरं भेटली की हमखास विचारतात, "दादा, कार्यक्रमाला जाताना जास्तीच्या ट्यूबा किती न्यायच्या? आणि कुठल्या?"

ट्यूब म्हणजे अॅम्पमधली सिग्नल वाढवणारी काचेची नळी. प्रीअॅम्पच्या, म्हणजे अॅम्पच्या सुरुवातीच्या टप्प्यांतल्या, दोन न्या. त्याही घरी, आपल्याच अॅम्पमध्ये, तासभर जोरात वाजवून पारखलेल्या. सील न फोडलेल्या चार ट्यूबा पिशवीत घालून फिरणाऱ्याचं मला काही कौतुक नाही. नवी ट्यूबही खरखरते. आणि रात्री नऊला निपाणीत ती खराब निघाली तर दुसरी आणायची कुठून? इकडे ती कुरिअरनेच मागवावी लागते. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स एके काळी रेडिओच्या ट्यूबा बनवायची. आता मिळतात त्या स्लोव्हाकिया, रशिया नाहीतर चीनच्या.

बहुतेक अॅम्पच्या प्रीअॅम्पमध्ये १२एएक्स७ जातीची ट्यूब असते. खोक्यावर ईसीसी८३ लिहिलेलं असलं तरी घाबरू नका, तीच ती. नऊ पिनांची दुसरी कुठलीही ट्यूब मात्र बसते म्हणून घालू नका. ईसीसी८८ त्याच सॉकेटात जाते, पण तिची जोडणी वेगळी. १२एटी७ चालते. तिचं गुणन (सिग्नल किती पट वाढवते ते) १०० ऐवजी ६० च्या आसपास, त्यामुळे अॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीचं सर्किट असलेल्या, बेसचा सिग्नल पहिल्याच टप्प्यात फाटत असेल तर ती मुद्दाम लावणारेही आहेत.

पारखायची कशी? अॅम्प चालू ठेवून पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने काचेवर हलकी टिचकी मारा. थोडी टकटक सगळ्याच ट्यूबा देतात. टिचकीनंतर घंटेसारखा नाद रेंगाळला तर ती पहिल्या सॉकेटासाठी बाद, कारण तिथला आवाज पुढचे सगळे टप्पे वाढवत नेतात. बेसवाल्याला हे गिटारवाल्यापेक्षा जास्त भोगावं लागतं. हेड, म्हणजे अॅम्पचा डबा, कॅबिनेटवर (स्पीकरच्या खोक्यावर) ठेवलेला, खालून ४१ हर्ट्झचा ई सूर घुमतोय, मग ट्यूबेच्या आतल्या जाळ्या थरथरणारच. सगळ्यात शांत ट्यूब पहिल्या जागी लावा. आणि जमलं तर हेड खाली उतरवून बाजूच्या खुर्चीवर ठेवा, फुकटचा उपाय आहे.

ट्यूब बदलण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, सॉकेट. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात पिनांवर गंज धरतो. अॅम्प बंद करून, प्लग काढून, ट्यूब गार झाल्यावर ती सरळ वर ओढायची आणि दोनतीनदा आतबाहेर करायची. पुष्कळदा खरखर तिथेच थांबते. दुसरी, मंडपातलं जनरेटर. २३० च्या जागी १९० व्होल्ट आले तर साध्या ट्रान्सफॉर्मरवरच्या हीटरला (ट्यूब तापवणाऱ्या तारेला) ६.३ ऐवजी सव्वापाचच्या आसपास मिळतात. आवाज मेलेला वाटतो, आणि पोरं चांगली ट्यूब फेकून देतात! आधी प्लगपॉइंटला मीटर लावा. अॅम्पच्या पोटात मात्र हात घालू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकं व्होल्टेज राहू शकतं.

नेताना ट्यूब तिच्या खोक्यात, खोकं फोममध्ये, फोम कडक डब्यात. चोर्ल्याच्या घाटात डबा पायाशी न ठेवता मांडीवर घ्या. पोचल्यावर काचेच्या टोकाचा चंदेरी डाग बघायचा. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, ट्यूब संपली.

पॉवर ट्यूबा, म्हणजे शेवटी स्पीकर हलवणाऱ्या? त्या मी नेत नाही. प्रीअॅम्पची ट्यूब कशीही बदलली तरी तिचा बायस (ट्यूबेतला स्थिर करंट ठरवणारं व्होल्टेज) ती बहुधा स्वतःच सांभाळते. पॉवरच्या जुळवून घ्याव्या लागतात, बायस तपासावा लागतो, आणि ते काम स्टेजमागच्या अंधारात करायचं नसतं. त्यातली एखादी जाऊन फ्यूज उडाला तर मी सरळ डीआय बॉक्समधून (बेस थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) मिक्सरमध्ये जातो आणि मॉनिटरवर भागवतो. त्यामुळे तिसऱ्या ट्यूबेचे पैसे असतील तर आधी तो बॉक्स घ्या.