बाळ्यानं वाडी खाल्ली

आचरा, भाद्रपद वद्य नवमी

आज अविधवा नवमी, आजीचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध. काकीनं केळीच्या पानावर वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी आणि खीर वाढली, आणि ती वाडी, म्हणजे पितरांचं पान, कावळ्यासाठी मागीलदारी दगडावर ठेवली. आम्ही माडाच्या शेंड्यांकडे बघत 'का का' करतोय, कावळ्याचा पत्ता नाही. तेवढ्यात आमच्या कुत्र्यानं, बाळ्यानं, येऊन पान चाटूनपुसून साफ केलं.

"मेल्या, पितरांच्या तोंडचो घास खाल्लंस! पाप लागतला तुका!" काकी कडाडली. बाळ्या कान पाडून, शेपूट पायात घालून विहिरीच्या कठड्याआड. पडवीतून आबा म्हणाले, "तेका कसला पाप? मुक्या जनावर ता."

आबांचं म्हणणं शास्त्राला धरूनच आहे. माणसाची ती कर्मयोनी, जनावराची भोगयोनी. आधीचं फेडायचं, नवीन काही खात्यात पडत नाही. आत्म्याबद्दल वादच नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायात ब्राह्मण, गाय, हत्ती आणि कुत्रा यांच्याकडे समदृष्टीनं पाहणारा तो पंडित, असं म्हटलंच आहे. म्हणजे बाळ्याला आत्मा आहे, हिशेबवही तेवढी नाही.

पण मग आपल्या गोष्टी आठवायला लागल्या. नाथांचं गाढव, नामदेवांचा पोळी पळवणारा कुत्रा, युधिष्ठिराच्या मागून चाललेला कुत्रा. सगळीकडे परीक्षा माणसाची. जनावर आपलं प्रश्नपत्रिका होऊन येतं. शेवटचा तर कुत्राही नव्हता, खुद्द धर्म होता!

जैनांची एक कथा मात्र वेगळी. वणव्यात जनावरं एका मोकळ्या जागी दाटीवाटीनं उभी. हत्तीनं अंग खाजवायला पाय उचलला, तेवढ्या जागेत ससा येऊन बसला. हत्तीनं अडीच दिवस पाय वरच धरला, वणवा विझल्यावर आखडून कोसळला आणि मेला. पुढच्या जन्मी तो श्रेणिक राजाचा मुलगा मेघकुमार झाला. इथं ठरवलं हत्तीनं, पुण्यही हत्तीचंच. जैन मतात मन असलेला पंचेंद्रिय पशू काही व्रतंसुद्धा पाळू शकतो.

बाळ्याच्या त्या पडलेल्या कानांचं काय, ते मात्र कळत नाही. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकन संशोधक बाईंनी 2009 साली दाखवलं की कुत्र्याचा तो अपराधी चेहरा मालकाच्या ओरडण्यानं होतो. काही न खाल्लेलाही तसाच दिसतो. पटतं. आमच्या काकीच्या आवाजानं मीसुद्धा तसाच दिसतो, न खाता.

संध्याकाळी आबांनी सहज सांगितलं, पंचबळीत गाय, कावळा, मुंग्या यांच्याबरोबर कुत्र्याचाही घास वेगळा काढायचा असतो. आम्ही तो काढलाच नव्हता. काकी काही बोलली नाही. उठली, उरलेले दोन वडे घेतले आणि विहिरीकडे गेली.