जोडीचा हिशेब

दिवाळी झाली की मुरबाड-शहापूरकडच्या कातकरवाड्या ओस पडतात. भांडी, कोंबड्या, पोरं टेम्पोत घालायची आणि वीटभट्टी गाठायची, ते परत थेट पावसाच्या तोंडाशी. सरकारदरबारी कातकरी ही आदिम जमात, राज्यात कोलाम आणि माडिया गोंडांच्या जोडीने. त्यामुळे योजनांना तोटा नाही. फक्त योजना वाडीत पोचते तेव्हा वाडी भट्टीवर असते.

मी कळव्यात राहते. आमच्या गटाबरोबर भिवंडीकडच्या भट्ट्यांवर जाते. जातीचे दाखले, रेशनकार्डं, आणि मारहाण झालेली बाई असली तर तिच्यासोबत पोलीस ठाण्यात बसून राहणं.

मारहाण बहुतेक खर्चीच्या दिवशी होते. पावसाळ्यात चूल पेटेनाशी झाली की भट्टीवाला बयाणा देतो आणि तो हंगामभर विटांतून वळता करून घेतो. हातात येते ती आठवड्याची खर्ची, बाजारापुरती, आणि तीही नवऱ्याच्या. बाजाराच्या वाटेवर दारू असतेच. विटांचा दर हजारावर, हिशेब जोडीचा. तो थापतो, ती माती वाहते, विटा उलटते, रचते. वहीत नाव त्याचं एकट्याचं.

यंदा एक बाई भेटली, उजवं मनगट सुजून वांग्यासारखं झालेलं. डाव्या हाताने विटा उलटत होती. म्हणाली, "सोडला असता कवाच, ताई. पन बयाना फिटला नाय."

कातकऱ्यांत बाईने नवरा सोडून दुसरा घरोबा केला तर आभाळ कोसळत नाही. 'लोक काय म्हणतील' हे आमच्या सोसायट्यांचं दुखणं. मारहाण तिथेही होते, आधी खिडक्या लावून घेतात, एवढाच फरक. हिला अडवतो तो बयाणा. ती गेली की जोडी मोडते आणि भट्टीवाल्याचा माणूस तिच्या माहेरच्या दारात. उचल देऊन माणूस असा बांधून ठेवणं 1976 च्या वेठबिगारीच्या कायद्याने गुन्हा आहे, ते कर्ज फेडायची गरजच उरत नाही. हे सांगितलं की भट्टीवरच्या बायका हसतात.

कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदाही चांगला आहे. घर कोणाच्याही नावावर असो, बाईला तिथून हाकलता येत नाही. पण हिचं घर म्हणजे भट्टीवाल्याच्या जागेवर कच्च्या विटा रचून वर पेंढा टाकलेलं खोपटं. तिथला हक्क मिळवून ती करणार काय? शिवाय पोलीस ठाण्यात ऐकायला मिळतं, "तुमचं गाव मुरबाडला ना? मग तिकडे जा." बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. कलम 27. त्याची प्रत माझ्या पर्समध्ये कायम असते.

या बाईला मात्र तक्रार नको होती. वहीत स्वतःचं नाव हवं होतं आणि खर्चीतला अर्धा वाटा स्वतःच्या हातात. आम्ही भट्टीवाल्याला विचारलं. "बाईच्या नावाने वही कोण घालतं, मॅडम? उद्या पळाली तर?"

नवरा पळाला तर, असं विचारल्यावर त्याने आमच्यासाठी चहा मागवला. पुढच्या खर्चीला परत जाणार आहोत, पैसे वाटायच्या आधी.